बटण दाबणं सोपं, सोडणं अवघड: लिनिअर आणि टॅक्टाइल स्विचचं एक प्रकरण

हे प्रकरण काउंटर-स्ट्राइक २ हा ऑनलाइन गोळीबाराचा खेळ खेळणाऱ्या एका मित्राचं आहे. खेळाडू हौशी, पण रँकचे सामने नेटाने खेळणारा. निशाणा चांगला, नकाशे पाठ. कीबोर्ड मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला, त्यात चेरी कंपनीच्या ब्राउन जातीचे टॅक्टाइल (दाबताना बोटाला मध्येच अडल्यासारखं जाणवणारे) स्विच, आणि दिवसभराचं टायपिंगही त्याच कीबोर्डवर. तक्रार एकच, पण नेमकी. आडोशातून डावीकडे सरकत बाहेर यायचं, थांबायचं आणि गोळी झाडायची, यात पहिली गोळी भलतीकडे जाते. क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, समोरच्याच्या डोक्यावर असतं, नंतर रेकॉर्डिंग पाहिलं तरी डोक्यावरच दिसतं, आणि गोळी मात्र कानाजवळून निघून गेलेली असते.

सल्ला मिळाला तो अशा वेळी हमखास मिळणाराच: "टॅक्टाइल काढून टाक, गेमिंगला लिनिअरच लागतात." लिनिअर म्हणजे मध्ये कुठेही न अडता सरळ दाबले जाणारे स्विच. कीबोर्ड हॉट-स्वॅप होता, म्हणजे सोल्डरिंगला हात न लावता जुने स्विच उपसून नवे बसवता येणारा. त्याने सगळे ब्राउन उपसले आणि रेड जातीचे लिनिअर बसवले. सुरुवातीला फरक पडल्यासारखं वाटलं. बटणं गुळगुळीत, हात हलका, अडखळणं नाही. मग नवलाई ओसरली आणि दोन गोष्टी समोर आल्या. पहिली गोळी पूर्वीइतकीच भरकटत होती, आणि वर एक नवं दुखणं जडलं होतं: ऐन चकमकीत आपोआप रीलोड. उजवीकडे सरकायच्या 'डी'वरची तर्जनी जरा सरकून रीलोडच्या 'आर'ला टेकली तरी मॅगझिन बाहेर यायचं.

या टप्प्यावर कीबोर्ड माझ्याकडे आला. प्रश्न असा होता की रेड चुकीचे निवडले, का रोगच दुसरा आहे?

थांबण्याचं गणित

काउंटर-स्ट्राइकमध्ये पळता पळता झाडलेली गोळी फाकते. डावीकडे सरकायचं 'ए' सोडलं म्हणून पात्र जागच्या जागी थांबत नाही; घर्षणाने त्याचा वेग हळूहळू उतरतो. तो झटक्यात उतरवायचा तर 'ए' सोडून क्षणभर 'डी' दाबायचं, म्हणजे उलट दिशेचा जोर मिळतो आणि वेग पटकन शून्याकडे येतो. यालाच काउंटर-स्ट्रेफ म्हणतात. तेवढ्या अवधीत सुटलेली गोळी सरळ जाते.

यात दोन बोटांचा मेळ लागतो. 'ए' सुटण्याआधीच 'डी' दाबलं गेलं तर दोन्ही बटणं एकाच वेळी खाली असतात. खेळ दोन्ही दिशा एकमेकींतून वजा करतो आणि पात्र निव्वळ घर्षणावर घसरत राहतं. 'ए' वेळेत सुटलं पण 'डी'ला उशीर झाला, तरी मधला काळ घर्षणावरच जातो. आगाऊपणा आणि दिरंगाई, दोन्हींचा तोटा सारखाच. त्यात २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या काउंटर-स्ट्राइक २ ने सब-टिक पद्धत आणली. सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा हिशोब करतो, म्हणजे दोन हिशोबांमध्ये सुमारे १५.६ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. पण त्या अंतरात बटण नेमकं कधी दाबलं गेलं, याचीही नोंद आता सोबत जाते. बोटांची ढिलाई हिशोबाच्या फटीत लपायची ती सोय गेली.

मॉनिटर, माउस आणि नेटवर्क यांच्यावर मी फार वेळ घालवला नाही. कारण बोलता बोलता त्याने एक गोष्ट सांगितली, जी त्याला स्वतःला किरकोळ वाटत होती: उजवीकडे सरकत बाहेर आलं की गोळी बहुतेक वेळा बरोबर लागते. नेटवर्क मंद असतं तर त्याने डावं-उजवं पाहिलं नसतं. दोष कीबोर्डच्या डाव्या भागात होता, किंवा त्यावरच्या हातात.

स्विचच्या पोटात

चेरी एमएक्स घराण्यातला स्विच उघडला की आत मोजक्याच वस्तू निघतात: प्लास्टिकचं घर, त्यात वर-खाली सरकणारा दांडा, दांड्याखाली स्प्रिंग, आणि एका बाजूला धातूच्या दोन पत्त्या, एक स्थिर आणि एक लवचीक. दांड्याला दोन बारीक पाय असतात. बटण वर असताना हे पाय लवचीक पत्तीला स्थिर पत्तीपासून दूर रेटून धरतात. दांडा खाली गेला की पाय पत्तीवरून घसरतात, पत्ती आपल्या ताणाने पुढे येते आणि दुसरीला टेकते. सर्किट पूर्ण होतं ते पत्तीच्या जोरावर. बोटाचं काम एवढंच की तिच्या वाटेतला अडसर काढायचा.

लिनिअर आणि टॅक्टाइल यांच्यातला सगळा भेद त्या दोन पायांच्या आकारात आहे. लिनिअरमध्ये पायांचा उतार सरळ असतो. टॅक्टाइलमध्ये त्याच उतारावर एक उंचवटा असतो. पत्ती त्यावरून ओढली जाताना बोटाला खट्टकन अडल्यासारखं जाणवतं, त्यालाच बंप म्हणतात. आवाज करणाऱ्या निळ्या जातीत पाय वेगळ्या, सुट्या तुकड्यावर असतात. त्यात बटण लागण्याची जागा आणि सुटण्याची जागा यांत बरंच अंतर पडतं, म्हणून एकच बटण पुन्हा पुन्हा ठोकायच्या खेळांना ती जात जाचते. या प्रकरणात तिचा संबंध नाही.

आता आकडे. रेड: लिनिअर, संपर्काच्या क्षणी लागणारं बळ ४५ सेंटिन्यूटन, ढोबळमानाने ४५ ग्रॅम वजनाइतकं. ब्राउन: टॅक्टाइल, बंपच्या माथ्यावर ५५ सेंटिन्यूटन. ब्लॅक: १९८० च्या दशकापासून चालत आलेला जुना लिनिअर, ६० सेंटिन्यूटन. आणि खोली? तिघांचीही सारखीच. संपर्क २ मिलिमीटरवर, तळ ४ मिलिमीटरवर.

'लिनिअर वेगवान असतात' असं बिनदिक्कत म्हणणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी. रेड आणि ब्राउन दोन्ही एकाच खोलीवर लागतात. शिवाय चेरीच्या स्वतःच्या तपशीलपत्रात २ मिलिमीटरच्या त्या आकड्याला ०.६ मिलिमीटरपर्यंतचा फरक मान्य केलेला असतो. एकाच डब्यातून काढलेल्या दोन रेडमध्ये जेवढा फरक असू शकतो, तेवढाही फरक रेड आणि ब्राउनच्या कागदावरच्या खोलीत नाही.

वेगासाठी म्हणून बनवलेला स्विच वेगळा आहे: चेरीचा स्पीड सिल्व्हर, जो १.२ मिलिमीटरवर लागतो आणि ३.४ वर तळाला जातो. त्याने किती वेळ वाचतो? समजा बोट ४ मिलिमीटरचं अंतर २० मिलिसेकंदांत कापतं. मग ०.८ मिलिमीटरला ४ मिलिसेकंद लागतात. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम जवळपास ७ मिलिसेकंदांची असते. म्हणजे फायदा खरा आहे, पण एका फ्रेमच्याही आतला. आणि तोही फक्त दाबण्याच्या बाजूने. आपल्या रोग्याचं दुखणं दाबण्यात होतं, याचा तर अजून पुरावाच नव्हता.

बंप काय सांगतो आणि कधी सांगतो

टॅक्टाइलच्या बाजूने नेहमीचा दावा असा असतो की बंप जाणवला की बटण लागल्याचं कळतं, त्यामुळे नेमकेपणा येतो. टायपिंगमध्ये हे बऱ्याच अंशी खरं आहे. सावकाश, हलक्या हाताने टाइप करणारा माणूस बंप ओलांडला की बोट मागे घ्यायला शिकतो; बटण तळावर आदळवायची त्याला गरज राहत नाही.

पण ब्राउनमध्ये बंप आणि संपर्क एकाच जागी नाहीत. बंपचा माथा सव्वा-दीड मिलिमीटरच्या आसपास येऊन जातो आणि पत्त्या टेकतात २ वर. बोटाला 'लागलं' असं वाटतं तेव्हा बटण अजून लागलेलं नसतं. सावकाश दाबून, माथा ओलांडून तिथेच थांबलात, तर पडद्यावर काहीच घडणार नाही. खेळताना ही दरी जाणवत नाही, कारण वेगात दोन्ही गोष्टी एकातच मिसळतात. आणि नेमक्या त्याच कारणाने बंपची खबरही निरुपयोगी ठरते. स्पर्श जाणवून त्यावर स्नायूंनी काही करेपर्यंत माणसाला १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. वीस-तीस मिलिसेकंदांत तळाला पोचणाऱ्या बोटाला बंप वाटेत अडवून काही सांगू शकत नाही. फार तर तो हाताला पुढच्या वेळेसाठी वळण लावतो.

उलट, बंप वेगात एक वेगळंच काम करतो, आणि या प्रकरणात ते महत्त्वाचं निघालं. माथा ओलांडला की विरोध एकदम घटतो. जोर लावून ढकलत असलेलं दार अचानक उघडावं आणि आपण आत धडपडावं, तसं बोट सरळ तळावर जातं. बंप जेवढा मोठा तेवढा लावलेला जोर जास्त, आणि तेवढं हे आदळणं पक्कं. लिनिअरमध्ये विरोध खोलीबरोबर सरळ वाढत जातो, त्यामुळे निदान तत्त्वतः बोट मध्येच थोपवता येतं. तत्त्वतः, कारण समोर शत्रू असताना बटण अलगद दाबणारा खेळाडू मी तरी पाहिलेला नाही. सगळे तळ गाठतात. रेडवर आल्यावर आमचा मित्रही गाठतच होता; मायक्रोफोनमधून ऐकू येत होतं.

तळ गाठला की परतीचा प्रवास ठरलेलाच: ४ मिलिमीटरवरून पुन्हा २ च्या वर. तोपर्यंत कॉम्प्युटरच्या लेखी बटण दाबलेलंच असतं. ब्राउन असो की रेड, हे २ मिलिमीटर चुकत नाहीत. स्विच बदलूनही पहिली गोळी का सुधारली नाही, याचं अर्धं उत्तर इथेच होतं.

नोंदवही

बटण कधी दाबलं आणि कधी सुटलं हे मिलिसेकंदांत टिपणारा साधा प्रोग्रॅम लावला आणि त्याला नेहमीसारखं डावी-उजवी करायला सांगितलं. अशी नोंद घ्यायची तर कीबोर्डचा पोलिंग रेट आधी तपासावा लागतो. १२५ हर्ट्झचा कीबोर्ड दर ८ मिलिसेकंदांनी एकदाच बोलतो, त्यावर अशा बारीक गोष्टी दिसणारच नाहीत. हा १००० हर्ट्झचा होता, मिलिसेकंदाला एकदा बोलणारा.

पहिली नोंद संशय यावा इतकी नीटस निघाली. जिथे दोन बटणांचा मेळ जवळपास जमला होता, तिथे 'ए' सुटणं आणि 'डी' लागणं एकाच किंवा लगतच्या मिलिसेकंदात पडत होतं, आणि हे पुन्हा पुन्हा. माणसाची दोन बोटं इतकी शिस्तीची नसतात. ही शिस्त कीबोर्डच्या फर्मवेअरची, म्हणजे त्याच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची होती.

धातूच्या पत्त्या टेकताना एकदा टेकून गप्प बसत नाहीत. थरथरतात, आणि त्या थरथरीत सर्किट अनेकदा जुळतं-तुटतं. एका दाबण्याची दोन-तीन अक्षरं उमटू नयेत म्हणून फर्मवेअर थोडा वेळ थांबून मग निकाल देतं. याला डीबाउन्स म्हणतात. या कीबोर्डवर क्यूएमके हे खुलं फर्मवेअर होतं. त्याची मुळातली पद्धत अशी की संपूर्ण कीबोर्डवर ५ मिलिसेकंद कुठेही काही हललं नाही, की मगच साचलेले सगळे बदल पुढे पाठवायचे. घड्याळ एकच, सगळ्या बटणांना मिळून. 'ए' सुटल्यावर तिसऱ्या मिलिसेकंदाला 'डी' लागलं, तर घड्याळ पुन्हा शून्यावर जातं आणि दोन्ही बातम्या आठव्या मिलिसेकंदाला हातात हात घालून बाहेर पडतात. टायपिंगला यात काही वावगं नाही. काउंटर-स्ट्रेफला मात्र हा सारा उशीर, आणि तोही नेमका जिथे दोन बटणं पाठोपाठ हलतात तिथे.

म्हणून आधी फर्मवेअर बदललं, स्विचला हात न लावता. प्रत्येक बटणाला स्वतःचं घड्याळ, आणि बदल दिसताक्षणी बातमी पाठवून मग ५ मिलिसेकंद कान बंद, अशी पद्धत लावली. यात एक मेख आहे, ती सांगायलाच हवी. क्यूएमकेमध्ये एक मधला पर्यायही मिळतो: दाबलं तर लगेच कळवायचं, सुटलं तर थांबून खात्री करून कळवायचं. वाचायला तो समंजस वाटतो, आणि 'गेमिंग'च्या नावाखाली लोक तोच निवडतात. काउंटर-स्ट्रेफला तो सगळ्यात वाईट, कारण 'डी' तत्काळ लागतं आणि 'ए' ५ मिलिसेकंद उशिरा सुटतं. बोटांनी मेळ साधलेला असला तरी फर्मवेअर स्वतःच्या हाताने दोन्ही बटणं एकत्र दाबून ठेवतं.

फर्मवेअर बदलल्यावर नोंदीवरचा तो खोटा नीटसपणा गेला आणि खरी बोटं दिसू लागली. उजवीकडून थांबताना, म्हणजे 'डी' सोडून 'ए' दाबताना, कधी थोडं आधी कधी थोडं नंतर, असा साधारण माणसासारखा विस्कळीतपणा होता. डावीकडून थांबताना मात्र विस्कळीतपणा एकाच बाजूला झुकलेला: 'डी' लागून जायचं आणि 'ए' अजून सुटलेलं नसायचं. जवळपास प्रत्येक वेळी.

अनामिका

'डब्ल्यू-ए-एस-डी' या हालचालीच्या चार बटणांवर हात ठेवला की 'ए'वर अनामिका येते, 'डब्ल्यू'वर मधलं बोट, 'डी'वर तर्जनी. तर्जनी स्वतंत्र बाण्याची. तिला उचलणारा तिचा स्वतःचा वेगळा स्नायूही आहे. अनामिकेला तो नाही. बोटं उचलणाऱ्या सामाईक स्नायूचे कंडरे हाताच्या पाठीवर एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असतात आणि अनामिका शेजारणींना सोडून एकटी फारशी उठत नाही. तळहात टेबलावर ठेवा, मधलं बोट दुमडून आत घ्या, आणि आता फक्त अनामिका उचलून पाहा. खाली दाबायला ती बरी असते, वर यायला मंद.

म्हणजे काय होत होतं? डोळ्यांनी 'थांब' म्हटलं की दोन बोटांना एकदम हुकूम सुटायचा. तर्जनी चटकन खाली, अनामिका रेंगाळत वर. उजवीकडून येताना वर उठायचं काम तर्जनीचं आणि खाली जायचं अनामिकेचं, म्हणून तिथे तक्रार नव्हती. टॅक्टाइल-लिनिअरच्या वादात ही गोष्ट कुणी काढत नाही, कारण सगळी चर्चा बटण लागण्याबद्दल असते. ते किती लवकर लागतं, किती हलकं लागतं, कसं वाटतं. सुटण्याला कुणी वालीच नाही.

आता रेडकडे पुन्हा पाहिलं की चित्र उलटं दिसतं. बटणावरचा बोटाचा दाब एका क्षणात शून्य होत नाही. उतरत उतरत जातो. तो दाब स्प्रिंगच्या बळाखाली गेला की दांडा वर यायला लागतो. स्प्रिंग जड असेल तर ती या उतरणीत लवकर जिंकते आणि हलकी असेल तर उशिरा. मंद अनामिकेच्या खाली ४५ सेंटिन्यूटनचा रेड बसवणं म्हणजे तिला रेंगाळायला आणखी मोकळीक देणं. ब्राउनवरून रेडवर येताना त्याने बंप घालवला, पण स्प्रिंग हलकीच राहिली. सल्ला देणाऱ्यांनी या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या होत्या. लिनिअर म्हणजे हलका, असं काही नसतं.

काय बसवलं

'ए' आणि 'डी'वर ६० सेंटिन्यूटनचे लिनिअर, ब्लॅक जातीचे. बंप नको, कारण या दोन बटणांवर त्याची खबर कुणी ऐकत नाही. जड हवेत ते सुटण्यासाठी. दाबताना जास्त बळ लागतं हे खरं, पण घाईतलं बोट तसंही गरजेच्या कितीतरी पट जोर लावतं. हे स्विच नवे असताना खरखरीत असतात, म्हणून दांड्याच्या कडांना अगदी पातळ ग्रीस लावलं. टॅक्टाइलला ग्रीस लावायची वेळ आलीच तर पाय सोडून लावावं. पायांवर ग्रीस गेलं की बंप बोथट होतो आणि मग ब्राउन हा किरकिरणारा रेड होऊन बसतो. (ब्राउनबद्दल तसंही काही लोक हेच म्हणतात, आणि मला त्यात थोडं तथ्य वाटतं.)

'डब्ल्यू' आणि 'एस' होते तसेच रेड ठेवले. त्यांच्यावरून कुणी उलट दिशेने थांबत नाही, निदान इतक्या घाईने नाही. शिफ्टवरही रेडच. काउंटर-स्ट्राइकमध्ये शिफ्ट धरून हळू चालायचं असतं, ते बटण करंगळीने बराच वेळ दाबून ठेवावं लागतं, आणि तिथे प्रत्येक सेंटिन्यूटन अंगावर येतो. जी गोष्ट 'ए'साठी गुण तीच शिफ्टसाठी दोष. म्हणूनच 'गेमिंगला कोणता स्विच चांगला' हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. कोणत्या बटणाला, कोणत्या बोटाखाली, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

उरलं ते आपोआप होणारं रीलोड. इथे टॅक्टाइलचा खरा उपयोग झाला, आणि तो नेहमी सांगितला जातो त्याहून वेगळा. बंप इथे खबर देण्यासाठी नव्हता, उंबरठा म्हणून होता. 'आर', 'जी' आणि 'क्यू' ही बटणं अशी की चुकून दाबली गेली तर महागात पडतात: जवळपास भरलेली बंदूक रीलोडला लागते, हातातलं शस्त्र जमिनीवर पडतं, किंवा बंदुकीच्या जागी सुरी येते. या तिन्ही ठिकाणी बोट नुसतं टेकलेलं किंवा घासून गेलेलं असतं, तेव्हा त्याचा वेग कमी असतो, आणि कमी वेगात बंप पूर्ण जोराने अडतो. मुद्दाम दाबलं तर तोच बंप जाणवतही नाही. ब्राउनऐवजी या तिघांवर मोठ्या बंपचे टॅक्टाइल बसवले, ज्यांचा माथा प्रवासाच्या अगदी सुरुवातीला येतो. एक काळजी घ्यावी लागते: मोठा बंप आणि हलकी स्प्रिंग अशी जोडी असली तर परत येताना दांडा माथ्याशी रेंगाळतो, कधी कधी अडकतोही. स्प्रिंग बंपच्या मापाची हवी.

टायपिंगचा प्रश्न त्याने स्वतःच सोडवला. अक्षरांच्या उजव्या अर्ध्या भागात त्याने जुने ब्राउन परत बसवले. कीबोर्ड आता दिसायला एकसंध, पण हाताला तीन-चार प्रकारचा. टाइप करताना हे विचित्र वाटेल असा माझा अंदाज होता. त्याला ते फारसं खुपलं नाही.

मग चुंबकीय का नाही

हा प्रश्न त्यानेही विचारला, आणि तो रास्त आहे. हॉल इफेक्टच्या कीबोर्डमध्ये पत्त्या नसतातच. दांड्यात चुंबक असतो आणि खालचा सेन्सर तो किती खोल गेला हे सतत मोजतो. पत्त्या नाहीत म्हणून त्यांची थरथर नाही, आणि पत्तीवर घासून होणारा बंपही नाही; त्यामुळे हे स्विच जवळपास सगळे लिनिअर. वुटिंग या कंपनीने लोकप्रिय केलेल्या रॅपिड ट्रिगर या सोयीत बटण सुटण्याची जागा ठरावीक राहत नाही. बोट तळावरून ठरवलेल्या अंतराइतकं, अगदी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकं, वर आलं की बटण सुटल्याची नोंद होते. २ मिलिमीटरचा तो सगळा परतीचा प्रवासच रद्द. स्पर्धात्मक शूटर खेळणाऱ्यांनी या कीबोर्डांवर उड्या मारल्या त्या याच कारणाने, आणि माझ्या मते लिनिअरच्या कीर्तीत हल्ली जी भर पडली तिचं बरंचसं श्रेय गुळगुळीतपणाला नसून या सुटण्याला आहे. ओसूसारख्या तालाच्या खेळात दोन बटणं आलटून पालटून ठोकणाऱ्यांनाही हेच हवं असतं.

पण त्याच्याजवळचा कीबोर्ड चालता होता, आणि दुखणं कुठे आहे ते कळलं होतं. शिवाय चुंबकीय कीबोर्ड घेतला तरी अनामिकेने वर उठायला सुरुवात तर करायलाच हवी. सेन्सर ती हलल्याशिवाय काही करू शकत नाही.

याच वाटेवर पुढचं पाऊल टाकलं गेलं ते जुलै २०२४ मध्ये. रेझर या कंपनीने आपल्या कीबोर्डमध्ये स्नॅप टॅप आणलं: 'ए' दाबलेलं असताना 'डी' दाबलं की कीबोर्ड स्वतःच 'ए' सोडून देतो. अनामिका रेंगाळली तर रेंगाळू दे, तिची वाट बघायचीच नाही. आमच्या रोग्याला हे अक्षरशः रामबाण ठरलं असतं. पण १९ ऑगस्ट २०२४ ला खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक २ मध्ये अशी यांत्रिक मदत आपल्या अधिकृत सर्व्हरवर ओळखून खेळाडूला सामन्यातून बाहेर काढायला सुरुवात केली. रॅपिड ट्रिगर मात्र चालतं. रेषा कुठे ओढली आहे ते पाहण्यासारखं आहे: बोट उठल्याची बातमी लवकर पोचवणं मान्य, बोट उठलेलंच नसताना उठलं म्हणून सांगणं अमान्य. मला ही रेषा योग्य वाटते. काउंटर-स्ट्रेफ जमणं हे त्या खेळातलं कसब आहे, आणि ते कीबोर्डने परस्पर करून टाकलं तर माझ्या नोंदवहीत दिसणारा तो झुकाव कायमचा पुसला जाईल, पण खेळाडू तिथल्या तिथेच राहील.

नंतर

ब्लॅक बसवल्यावर घेतलेल्या नोंदीत डावीकडून थांबतानाचा झुकाव कमी झाला, नाहीसा झाला नाही. शांतपणे सराव करताना 'ए' वेळेत सुटतं; सामन्याच्या शेवटच्या फेरीत अनामिका अजूनही मागे राहते. त्यासाठी त्याने सामन्याआधी थोडा वेळ फक्त सोडण्याचा सराव सुरू केला: 'डी'कडे लक्षच द्यायचं नाही, 'ए' उचलण्यावर सगळा भर. 'डी' मग आपोआप पाठोपाठ येतं. माझ्या मते गोळी सुधारण्यात या सरावाचा वाटा स्विचपेक्षा कमी नाही, पण जड स्प्रिंगमुळे बोट कधी सुटलं ते हाताला कळायला लागलं, हेही त्यानेच सांगितलं.

'आर' आणि 'जी'वरचे टॅक्टाइल टिकले. 'क्यू'वरचा मात्र त्याने काही काळाने काढून तिथे पुन्हा रेड बसवला. स्नायपर झाडली की दोनदा 'क्यू' मारून शस्त्र झटकन फिरवून घ्यायची त्याला सवय आहे, आणि दुसऱ्या वेळी बंप वाटेत येत होता. चुकून सुरी निघाली तर निघू दे, म्हणाला.